एक्सडीबग ३: क्वेरी बरोबर, पानावरचं उत्तर चूक

पीएचपीमायॲडमिनमध्ये (डेटाबेस ब्राउझरमधून बघायच्या साधनात) क्वेरी चालवली की ३७ रो, म्हणजे नोंदी, येतात, तीच क्वेरी पीएचपीच्या पानातून चालवली की ३६. कधी एकही येत नाही. कधी काही ग्राहकांपुढे आयडीचा रकाना कोरा असतो, तर कधी फक्त 'सदाशिव पेठ' निवडलेलं असताना अख्ख्या पुण्याच्या ऑर्डरी समोर येतात. कोथरूड, नारायण पेठ किंवा सिंहगड रोडला दोन-तीन खोल्यांत बसून कुणाच्या क्लासची फी, कुणाच्या सोसायटीचा मेंटेनन्स आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात फराळाच्या ऑर्डरी सांभाळणाऱ्या पीएचपीवाल्यांना यातलं काहीच नवं नाही. त्यावरचा घरगुती इलाज सगळ्यांना पाठ असतो: मधेच व्हार_डंप (व्हेरिएबलमध्ये काय आहे ते छापणारं फंक्शन) टाकायचा, खाली एक्झिट लिहायचं, पान रिफ्रेश करायचं. मग ती ओळ काढायला विसरायचं.

एक्सडीबग ही त्याच्या पुढची पायरी: चालता कोड मधेच थांबवून आत काय आहे ते दाखवणारा डीबगर. डेरिक रेथान्स यांनी २००२ मध्ये आणलेलं हे पीएचपीचं एक्स्टेन्शन फुकट आहे आणि सोर्स कोडही खुला आहे. सध्याची तिसरी पिढी नोव्हेंबर २०२० मध्ये आली. त्याच्या बाकीच्या करामती बाजूला ठेवून इथे एवढंच तपासलं आहे, की डेटाबेसमधून आलेला निकाल चुकीचा दिसतो तेव्हा ते किती कामाला येतं. निकाल आधीच सांगून टाकतो: लोकल मशीनवर ते असायलाच हवं, पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो दोन गोष्टींसाठी. मूळ सेटिंगवर ते निकाल अर्धवट दाखवतं, आणि पीएचपीच्या उंबरठ्यापलीकडे, म्हणजे मायएसक्यूएलमध्ये काय घडलं, ते त्याला दिसत नाही. दुसरा दोष खरं तर त्याचा नाही, पण लोक तीच अपेक्षा धरून ते बसवतात आणि मग नाराज होतात.

फंक्शनांची आणि सेटिंगांची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, कोडमध्ये ती अर्थातच रोमनमध्ये टाइप करायची.

बसवताना

उबंटूवर एपीटीने पीएचपी८.३-एक्सडीबग असं आपल्या आवृत्तीचं पॅकेज घेतलं की झालं. विंडोजवर झॅम्प (अपाची-पीएचपीचा तयार संच) असेल तर डीएलएल अंदाजाने उचलू नका. पीएचपीइन्फोचं संपूर्ण पान कॉपी करून एक्सडीबगच्या साइटवरच्या विझार्डमध्ये चिकटवा, नेमकी कुठली फाइल आणि कुठल्या फोल्डरमध्ये ते तो सांगतो. थ्रेड-सेफ आणि नॉन-थ्रेड-सेफ यांची अदलाबदल झाली तर अपाची सुरू होतो पण एक्सडीबग लोड होत नाही. कारण फक्त एरर लॉगमध्ये सापडतं.

पीएचपी.आयएनआय मध्ये ओळ झेंड_एक्स्टेन्शन=एक्सडीबग अशी हवी, नुसतं एक्स्टेन्शन नको. टर्मिनलवर पीएचपी -व्ही मारल्यावर 'विथ एक्सडीबग' दिसलं म्हणून खूश होऊ नका. टर्मिनलचा आयएनआय वेगळा आणि अपाचीचा किंवा एफपीएमचा (वेबसाठी पीएचपी चालवणाऱ्या सेवेचा) वेगळा असू शकतो. एका पानात एक्सडीबग_इन्फो() लिहून ते ब्राउझरमध्येच उघडा. कुठली सेटिंग लागू आहेत आणि जोडणी का होत नाही, ते तिथे स्वच्छ लिहिलेलं असतं.

मोड 'डेव्हलप,डीबग' ठेवा आणि स्टार्ट_विथ_रिक्वेस्ट 'ट्रिगर'वर. मग ब्राउझरच्या एक्स्टेन्शनने कुकी लावली किंवा पत्त्याच्या शेवटी एक्सडीबग_ट्रिगर जोडलं तरच डीबगर जागा होतो. 'येस' ठेवलं आणि एडिटर ऐकत नसला की दर रिक्वेस्टला जोडणी फसल्याची तक्रार लॉगमध्ये पडत राहते. जुने लेख वाचून रिमोट_एनेबल आणि पोर्ट ९००० लिहिणारे अजूनही भेटतात. ती दुसऱ्या पिढीची सेटिंग आहेत, तिसरीत चालत नाहीत. आताचं पोर्ट ९००३, कारण ९००० वर एफपीएम आधीच ठाण मांडून असतं.

सर्वात जास्त गोंधळ दिशेचा होतो. एडिटर पीएचपीला फोन लावत नाही, पीएचपी एडिटरला लावतं. म्हणून फायरवॉलमध्ये ९००३ उघडायचं ते एडिटर ज्या मशीनवर आहे तिथे, आणि डॉकरच्या आत पीएचपी असेल तर क्लायंट_होस्टला होस्ट.डॉकर.इंटर्नल द्यायचं. जोडणी होते पण ब्रेकपॉइंटवर (कोड थांबवायला खूण केलेल्या ओळीवर) थांबतच नाही, असं झालं तर पाथ मॅपिंग बघा. कंटेनरमधला फाइलचा पत्ता आणि तुमच्या डिस्कवरचा पत्ता यांची सांगड एडिटरला कुणीतरी घालून द्यावी लागते.

डंप: इथेच फसगत, इथेच कमाई

डेव्हलप मोड चालू असला की एक्सडीबग पीएचपीचा मूळ व्हार_डंप बदलून आपला रंगीत डंप दाखवतं. सुबक दिसतो, पण त्याच्या मागे तीन मर्यादा आहेत: मॅक्स_चिल्ड्रन १२८, मॅक्स_डेटा ५१२, मॅक्स_डेप्थ ३. फेच_ऑल करून (निकालाच्या सगळ्या रो एकदम उचलून) २०० ऑर्डरी मागवल्या की १२८ दिसतात आणि खाली 'मोअर एलिमेंट्स' एवढी बारीक ओळ येते. ती नजरेतून सुटली की माणूस लिमिट कुठे लागलंय ते शोधत क्वेरीत शिरतो. पेठेनुसार ऑर्डरी, ऑर्डरीत पदार्थ, पदार्थात वजन-भाव अशी रचना केली तर चौथ्या पातळीवर तीन टिंबं. आणि ५१२ ही मर्यादा बाइटची आहे, अक्षरांची नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट खातं, म्हणजे मराठी मजकूर १७० चिन्हांच्या आसपास तुटतो. जेसनचा कॉलम असा मधेच तुटलेला दिसला की 'डेटाबेसमध्ये अर्धाच सेव्ह झालाय' म्हणून ओरड होते, प्रत्यक्षात तो पूर्ण असतो.

चिल्ड्रन ५००, डेटा ४०९६, डेप्थ ६ एवढं पुरतं. -१ दिलं की मर्यादा उठते, पण ५,००० रोंचा डंप ब्राउझरला घाम फोडतो. शिवाय ही तीन सेटिंग डंपसाठी आहेत. एडिटरच्या खिडकीत दिसणाऱ्या व्हेरिएबलांना स्वतःच्या वेगळ्या मर्यादा असतात. व्हीएस कोडमध्ये त्या लाँच.जेसनच्या एक्सडीबगसेटिंग्जमध्ये बदलाव्या लागतात.

डेटाबेसशी बोलायला पीएचपीचं पीडीओ वापरत असाल तर आधी फेच मोड, म्हणजे रो कुठल्या रूपात येते ते, बघून घ्या. मूळ मोड 'फेच_बोथ' आहे, त्यात प्रत्येक कॉलम दोनदा येतो, एकदा नावाने आणि एकदा क्रमांकाने. डंप उगाच दुप्पट होतो आणि ७० कॉलमांचं रुंद टेबल असलं की १२८ ची मर्यादा एका रोमध्येच संपते. कनेक्शनवरच 'फेच_असोक' ठरवून टाकावं.

आता कमाईची बाजू. हा डंप प्रत्येक स्ट्रिंगपुढे लांबी लिहितो, तीही बाइटमध्ये. मराठी डेटावर काम करणाऱ्याला याहून स्वस्त मोजपट्टी मिळणार नाही. 'पुणे' हा शब्द घ्या. प, उकार, ण, मात्रा: ४ चिन्हं, १२ बाइट. डंपमध्ये लांबी १२ आली तर शब्द शुद्ध आहे. १३ आली तर शेवटी किंवा सुरुवातीला साधी स्पेस चिकटली आहे, ट्रिम() ने जाईल. १४ आली तर ती न तुटणारी स्पेस, बहुधा एक्सेल किंवा वेबपेजवरून कॉपी करताना आलेली. साधा ट्रिम() तिला हात लावत नाही, पीएचपी ८.४ मध्ये आलेला एमबी_ट्रिम() तिला काढतो. १५ म्हणजे अदृश्य जोडचिन्ह किंवा फाइलच्या तोंडाशी बसणारं बीओएम (एन्कोडिंगची अदृश्य खूण). सीएसव्ही आयात केल्यावर पहिल्या ओळीचा पहिलाच रकाना जुळत नसेल तर हमखास हेच. २४ किंवा २५ आली आणि पडद्यावर वर-खाली टिंबं असलेल्या रोमन अक्षरांची माळ दिसली तर यूटीएफ-८ च्या बाइटना लॅटिन-१ समजून पुन्हा एकदा यूटीएफ-८ केलेलं आहे. हे उलटं फिरवून दुरुस्त करता येतं.

आणि लांबी ४ आली, समोर चार प्रश्नचिन्हं दिसली, तर श्वास रोखून मायएसक्यूएलमध्ये त्या कॉलमवर हेक्स() चालवा. तिथे बाइट शाबूत असतील तर फक्त कनेक्शनचा कॅरसेट (अक्षरांचं एन्कोडिंग) चुकला आहे. डीएसएनमध्ये (कनेक्शनच्या पत्त्यात) कॅरसेट=यूटीएफ८एमबी४ लिहिलं की शब्द परत येतो. तिथेही ३एफ ३एफ ३एफ ३एफ असंच असेल तर तो शब्द गेला. बॅकअप शोधा.

याच मोजपट्टीने आणखी एक खास मराठी घोळ सापडतो. 'कऱ्हाड' दोन तऱ्हांनी टाइप होतं. काही कीबोर्ड स्वतंत्र ऱ आणि हलन्त वापरतात, काही साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखी दिसतात, पण पहिल्याची लांबी १८ आणि दुसऱ्याची २१. पीएचपीच्या तीन बरोबरचिन्हांना ती दोन वेगळी गावं वाटतात, आणि कोलेशन (अक्षरांच्या तुलनेचे नियम) बायनरी असेल तर मायएसक्यूएललाही. ग्रुप बाय केल्यावर एकाच गावाच्या दोन रो दिसल्या तर टेबलाला दोष देण्याआधी लांबी बघा.

स्पेसचा एक उपप्रकार मुद्दाम सांगण्यासारखा आहे. यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय सारखी जुनी कोलेशनं तुलना करताना शेवटच्या स्पेसकडे दुर्लक्ष करतात. त्यामुळे व्हेअर शहर = 'पुणे' म्हटलं तरी शेवटी स्पेस असलेली रो येते आणि पुढे पीएचपीतल्या इफमध्ये अडकते. डंपमध्ये १३ दिसतं आणि उलगडा होतो. मायएसक्यूएल ८.० बरोबर आलेली ०९०० वाली कोलेशनं मात्र ती स्पेस मोजतात. टेबलाचं कोलेशन बदललं की कालपर्यंत येणारी रो आज क्वेरीतच येत नाही, आणि कोडमध्ये तर एक अक्षरही बदललेलं नसतं.

प्रिंट_आर वापरणाऱ्यांनी ते सोडावं. त्यात नल, फॉल्स आणि रिकामी स्ट्रिंग तिन्ही कोरीच दिसतात. क्वेरीचा निकाल तपासताना नेमका हाच फरक हवा असतो.

एक अडचण मात्र सहन करावी लागते. एजॅक्सच्या पानात डंप टाकला की त्याचं एचटीएमएल जेसनच्या आधी जाऊन बसतं आणि ब्राउझर 'अनपेक्षित टोकन' म्हणून ओरडतो. तिथे डंपऐवजी ब्रेकपॉइंटच बरा.

ब्रेकपॉइंट लावून बघताना

पहिल्यांदा वापरणाऱ्याची निराशा इथे होते. क्वेरीच्या ओळीवर थांबायचं, स्टेटमेंटचं व्हेरिएबल उघडायचं, आणि आत काय तर फक्त क्वेरीस्ट्रिंग. पीडीओऐवजी मायएसक्यूएलआय हे दुसरं एक्स्टेन्शन असेल तर रोंची संख्या, कॉलमांची संख्या असं चार-पाच आकडी सामान. डेटा कुठेच नाही. एक्सडीबग काही लपवत नसतं, फेच केल्याशिवाय पीएचपीच्या हातात रो येतच नाही.

मग माणूस वॉचमध्ये (एडिटर दर पावलाला मूल्य दाखवतो त्या खिडकीत) स्टेटमेंट->फेच() लिहितो, आणि खरी गंमत सुरू होते. वॉचमधली ओळ खरोखर चालते. प्रत्येक पावलाला एक रो उचलली जाते, ती मूळ लूपला मिळत नाही. ३७ च्या ३० रो उरतात आणि 'डीबगर लावला की बग बदलतो' अशी अफवा ऑफिसात पसरते. वॉचमध्ये फेच कधीही लिहू नये. तपासणीपुरतं फेच_ऑल करून एका व्हेरिएबलमध्ये घ्यावं, पुढच्या ओळीवर थांबावं आणि ते व्हेरिएबल उघडून निवांत बघावं.

एवढं पाळलं तर ब्रेकपॉइंट सोन्यासारखा आहे. ३६ विरुद्ध ३७ चं भांडण दोन मिनिटांत मिटतं: लूपच्या वर कुणीतरी 'काही आलंय का' हे बघायला एकदा फेच केलेलं असतं, पहिली रो तिथेच खर्ची पडते. तसंच, एकाच स्टेटमेंटवर दोनदा फॉरइच फिरवला तर दुसरा रिकामा जातो, कारण निकाल पुढेच सरकतो, मागे येत नाही. हजार रोंत एकच बिघडली असेल तर अट असलेला ब्रेकपॉइंट लावा, म्हणजे आयडी ११८७ असेल तरच थांब. एफ१० वर बोट दुखवून घ्यायची गरज नाही.

कोरा आयडी हाही इथेच पकडता येतो. सिलेक्ट स्टार लिहून ग्राहक आणि ऑर्डर यांचा लेफ्ट जॉइन केलेला असतो आणि दोन्ही टेबलांत आयडी नावाचा कॉलम असतो. असोसिएटिव्ह ॲरेमध्ये एका नावाला एकच जागा, म्हणून नंतरच्या टेबलाचा आयडी आधीच्यावर बसतो. ज्या ग्राहकाची ऑर्डरच नाही त्याच्यासाठी तो नल. पीएचपीमायॲडमिन दोन्ही कॉलम शेजारी-शेजारी दाखवतं, त्यामुळे तिथे सगळं ठीक वाटतं. फेच_नेम्ड मोडने फेच केलं तर आयडीच्या जागी दोन किमतींची ॲरे मिळते आणि चोर सापडतो. कायमचा उपाय म्हणजे स्टार सोडून कॉलमांना टोपणनावं देणं.

या सगळ्यांहून मोलाची सोय वापरणारे कमी भेटतात: एक्सेप्शनवर थांबणं. एडिटरमध्ये पीडीओएक्सेप्शनचा ब्रेकपॉइंट लावला की ते जिथे फेकलं जातं तिथेच पीएचपी थांबतं, पुढे कुणी रिकामा कॅच लिहून ते गिळलेलं असलं तरीही. वारशाने मिळालेल्या कोडमध्ये असे रिकामे कॅच आणि ॲट चिन्हं भाताच्या पिशवीतल्या खड्यांसारखी विखुरलेली असतात. ॲट चिन्हासाठी स्क्रीम हे सेटिंग १ केलं की दाबलेल्या चुका बाहेर येतात.

मात्र एक्सेप्शन फेकलं तर जायला हवं. पीएचपी ८.० पूर्वी पीडीओ मुळात गप्प बसायचं. क्वेरी फसली की फक्त फॉल्स मिळायचं आणि चार ओळी खाली 'बुलियन दिलं' अशी भलतीच तक्रार यायची. ८.० पासून पीडीओ आणि ८.१ पासून मायएसक्यूएलआय आपणहून एक्सेप्शन फेकतात. जुन्या होस्टिंगवर ७.४ चालू असेल तर एररमोड हाताने लावा, नाहीतर हा ब्रेकपॉइंट नुसता बसून राहील.

आवृत्तीचा आणखी एक फटका एडिटरच्या खिडकीत लगेच दिसतो. पीडीओच्या मूळ सेटिंगवर ८.१ पूर्वी मायएसक्यूएलचे पूर्णांक स्ट्रिंग होऊन यायचे, आता पूर्णांकच येतात. जिथे तीन बरोबरचिन्हं लावून अवतरणातल्या '१' शी तुलना केली आहे ती प्रत्येक जागा अपग्रेडनंतर मुक्याने मोडते. काउंट पूर्णांक येतो, पण सम मात्र अजूनही स्ट्रिंग, कारण मायएसक्यूएल बेरीज डेसिमल म्हणून देतं आणि डेसिमल स्ट्रिंग म्हणूनच येतं. रकमेच्या बेरजेवर तीन बरोबरचिन्हं लावलीत की फसलात.

थांबून राहण्याची किंमत असते हेही लक्षात ठेवा. ट्रान्झॅक्शनच्या मधे ब्रेकपॉइंट लावून चहाला गेलात तर अपडेट केलेल्या रोंची कुलुपं तशीच लागून राहतात. शेजारचा सहकारी त्याच लोकल डेटाबेसवर काम करत असेल तर त्याला ५० सेकंदांनी १२०५ नंबरची एरर मिळते आणि तो आपल्या कोडमध्ये बग शोधत बसतो. एनजिनएक्स मूळ सेटिंगवर ६० सेकंदांनी कंटाळून ५०४ (वेळ संपल्याची एरर) देतं, ती मर्यादा लोकलवर वाढवून ठेवा. डीबगरसाठी प्रत्येकाचा डेटाबेस वेगळा असणं उत्तम.

जिथे ते आंधळं आहे

प्रश्नचिन्हं लावलेली क्वेरी आणि किमतींची ॲरे एक्सडीबग दाखवतं. दोन्ही मिळून मायएसक्यूएलपर्यंत काय पोचलं ते दाखवत नाही. त्यासाठी स्टेटमेंटवर डीबगडंपपॅरॅम्स() आहे. पीएचपी ७.२ पासून, एम्युलेशन चालू असताना (म्हणजे किमती पीडीओच क्वेरीत भरत असताना), प्रत्यक्ष पाठवलेली क्वेरीही त्यात छापली जाते. त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे लोकल मायएसक्यूएलवर जनरल_लॉग (आलेल्या प्रत्येक क्वेरीची नोंद) चालू करून दुसऱ्या टर्मिनलमध्ये टेल लावणं. ब्रेकपॉइंटवर एक पाऊल पुढे टाकायचं आणि लॉगमध्ये नेमकी कुठली ओळ उमटली ते बघायचं. ही जोडी जमली की तपासणीचा वेग बदलतो. काम झालं की लॉग बंद करा, तो डिस्क भरेपर्यंत थांबत नाही.

या जोडीने सुटणारी दोन उदाहरणं. पानं पाडण्यासाठी लिमिटच्या जागी प्रश्नचिन्ह ठेवलं आणि किमती एक्झिक्यूटच्या ॲरेतून दिल्या, तर त्या स्ट्रिंग म्हणून जातात. लॉगमध्ये अवतरणातला '१०' दिसतो आणि सिंटॅक्स एरर येते. बाइंडव्हॅल्यू वापरून प्रकार पॅरॅम_इंट द्यावा.

दुसरं, अख्ख्या पुण्याच्या ऑर्डरींचं. फॉर्ममधून पेठेचा क्रमांक येईल असं धरून इंटमध्ये कास्ट केलेलं असतं. प्रत्यक्षात 'सदाशिव पेठ' हे नाव येतं, कास्ट होऊन त्याचं ० होतं, आणि ते पूर्णांक म्हणून नावाच्या कॉलमशी जुळवलं जातं. मायएसक्यूएल मग प्रत्येक नावाचा आकडा करतं. आकड्याने सुरू न होणारी सगळी नावं ० होतात, सगळ्या रो जुळतात. सिलेक्टमध्ये यावर फक्त वॉर्निंग असते. पीएचपी ८ ने शून्य आणि शब्द यांची ही जवळीक मोडली, मायएसक्यूएलने नाही. पिनकोड व्हारकॅर असताना अवतरणाशिवाय ४११०३० लिहिलं तर रो बरोबर येतात, पण इंडेक्स वाया जातो. हे मायएसक्यूएलची एक्सप्लेन ही कमांड सांगेल, एक्सडीबग नाही.

तारखांचं दुखणंही पलीकडचंच. मायएसक्यूएलचं सेशन यूटीसीवर आणि पीएचपी एशिया/कोलकाता वर असेल तर मध्यरात्रीपासून पहाटे ५:३० पर्यंतच्या ऑर्डरी आदल्या दिवसात मोजल्या जातात. आणि डेटटाइमच्या कॉलमवर १ ते ३१ तारखेचं बिटवीन लावलं तर ३१ चा दिवस मध्यरात्रीच संपतो. १ पासून पुढच्या महिन्याच्या १ च्या आधीपर्यंत, असंच लिहावं.

प्रोफाइल आणि ट्रेस

थोडक्यात. प्रोफाइल मोड कुठलं फंक्शन किती वेळा आणि किती वेळ चाललं याची कॅशग्राइंड फाइल बनवतो. त्यात एक्झिक्यूटची संख्या २०१ दिसली की लूपच्या आत क्वेरी आहे हे कळतं: एक यादीची आणि २०० प्रत्येक ग्राहकामागे एकेक. फाइल जीझिप होऊन पडते आणि केकॅशग्राइंडला तशी वाचता येत नाही, यूज_कॉम्प्रेशन बंद करा. ट्रेस मोडमध्ये कलेक्ट_रिटर्न चालू केलं की प्रत्येक फेचने काय परत दिलं ते ओळीने उतरतं. ग्राहकांचे फोन नंबरही त्यात उतरतात, तेव्हा ती फाइल व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका.

कुणाला गरज नाही

साइट वर्डप्रेसची असेल आणि फक्त कुठली क्वेरी कुठल्या प्लगइनने चालवली एवढंच हवं असेल तर क्वेरी मॉनिटर हे प्लगइन पुरेसं आहे. लॅराव्हेल असेल तर डीबगबार किमती भरलेली क्वेरी आणि वेळ पानाच्या तळाशी दाखवतो. जे एक्सडीबगला जमत नाही ते हे करतात. उलट, जुन्या हाती लिहिलेल्या पीएचपीत, जिथे एका फाइलमध्ये दीड हजार ओळी, चार इन्क्लूड आणि एकच ग्लोबल कनेक्शन असतं, तिथे एक्सडीबगला तोड नाही. पुण्यात असा कोड चिक्कार आहे, आणि तो अजून बरीच वर्षं पैसे मिळवून देणार आहे.

लाइव्ह सर्व्हरवर ते नको. वेग खातं आणि चुकून उघडं राहिलेलं पोर्ट वेगळीच आफत आणतं. लोकलवरही युनिट टेस्ट किंवा मोठी आयात चालवताना कमांडच्या आधी एक्सडीबग_मोड=ऑफ लिहायचं. हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आयएनआयमधल्या मोडवर मात करतं, म्हणून फाइल उघडून सर्व्हर रीस्टार्ट करत बसावं लागत नाही. पीएचपीची पॅकेजेस आणणाऱ्या कंपोझरसाठी एवढंही नको, एक्सडीबग चालू दिसलं की तो स्वतःला त्याच्याशिवाय पुन्हा सुरू करतो.